यूपीआय रुजले ते का?

मोबाइलवरून पैसे देण्याची सवय नोटाबंदीने लावली, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. खात्यातून खात्यात तत्काळ पैसे धाडणारी आयएमपीएस सेवा २०१० पासूनच होती. पण तिच्यासाठी समोरच्याचा मोबाइल क्रमांक आणि त्याला बँकेने दिलेला ७ अंकी ओळख क्रमांक (एमएमआयडी), नाहीतर खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड लागे. चहाच्या १० रुपयांसाठी एवढा खटाटोप कोण करणार?

११ एप्रिल २०१६ रोजी जाहीर झालेल्या यूपीआयने हा खटाटोप एकदाच करायचा ठेवला. बँकेत नोंदवलेल्या सिमवरून एक एसएमएस जातो आणि फोन व क्रमांक यांची जोडी पक्की होते. मग डेबिट कार्डाचे शेवटचे ६ अंक, मुदत आणि ओटीपी देऊन पिन ठरवायचा. गाडी अडते ती बहुधा एसएमएसपाशीच: दोन सिमच्या फोनमध्ये भलतेच सिम निवडलेले असते किंवा रिचार्ज संपलेला असतो. ज्यांच्याकडे डेबिट कार्डच नव्हते, ते बरीच वर्षे बाहेर राहिले. आधार ओटीपीचा पर्याय नंतर आला.

८ नोव्हेंबर २०१६ ला मूल्याने सुमारे ८६ टक्के चलन बाद झाले, तेव्हा लोक धावले ते आधी पैसे भरून ठेवायच्या मोबाइल वॉलेटकडे. यूपीआयचे व्यवहार त्या डिसेंबरात जेमतेम २० लाख होते. वॉलेटमधला पैसा मात्र त्याच कंपनीच्या कुंपणात अडके. यूपीआयमध्ये ॲप कोणतेही असो, क्यूआर कोणाचाही असो, पैसे थेट बँकेत जमा होतात. हा फरक निर्णायक ठरला. जिओमुळे स्वस्त झालेला डेटा आणि २०१७ मध्ये आलेल्या गूगलच्या ‘तेज’ ॲपची (आजचे गूगल पे) बक्षिसाची स्क्रॅच कार्डे यांनी पहिला व्यवहार करवून घेतला, दुसरा आणि शंभरावा दुकानदारामुळे झाला.

१ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेणे बंद झाले आणि भाजीवाल्यानेही क्यूआर टांगला. त्यात पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स आला. हात वजनकाट्यावर असताना फोन बघावा लागत नाही आणि खोट्या स्क्रीनशॉटला कोणी फसत नाही. बॉक्समधल्या सिमची रेंज गेली की मात्र तो मुका होतो आणि गिऱ्हाईक ताटकळते.

खात्यातून पैसे कापले, पण पोचले नाहीत, ही धास्ती सर्वांत चिवट. त्यावर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये मुदत घातली: व्यक्तीला पाठवलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानाचे ५ दिवसांत परत; त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. पण समोरच्याच्या ॲपवर पैशांची मागणी धाडून ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ म्हणायची फसवणूक या नियमाने थांबली नाही. पिन फक्त पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, घेताना कधीच नाही. तरी लोक फसत राहिले. अखेर व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली.