बोगी, पोपट आणि ‘फार वेळ’

2025च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, त्या तीन-चार रात्री आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर युद्ध जोरात चाललं होतं. एकाने एस-400 या रशियन विमानवेधी क्षेपणास्त्र यंत्रणेचा फोटो टाकला, दुसऱ्याने आपल्या ‘आकाश’चा. तिसऱ्याने चक्क व्हिडिओ गेममधली क्लिप खरी म्हणून चढवली आणि खाली ‘पाडलं!’ असं लिहिलं. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त सुभेदार राहतात. नोकरी सगळी विमानवेधी तोफांवर गेली. त्यांनी रात्री साडेअकराला एकच ओळ टाकली : “पाडलं ते बोगी होतं की बॅन्डिट?” त्यावर एका पोराने विचारलं, “काका, रेल्वेपण पाडली का?”

दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी काका भेटले तेव्हा हसतच होते. पण त्यांचा प्रश्न विनोदी नव्हता. हवाई संरक्षणाच्या भाषेत ‘बोगी’ म्हणजे कुणाचं आहे ते ठाऊक नसलेलं विमान, आणि ‘बॅन्डिट’ म्हणजे शत्रूचंच, अशी ओळख पटलेलं. या बोगीचा आगगाडीच्या डब्याशी संबंध नाही. इंग्रजांच्या घरात पोरांना भीती घालायला जो ‘बोगी’ असतो, तोच हा. म्हणजे आपला बागुलबुवा. अंधारात काहीतरी हललं, कोण ते दिसत नाही, एवढंच त्या शब्दाला म्हणायचं आहे.

टीव्हीवरच्या चर्चेत सगळं ठाम असतं : अचूक, अभेद्य, नेस्तनाबूत. प्रत्यक्ष रडारसमोर बसणाऱ्यांच्या भाषेत मात्र खात्रीचे शब्द फार थोडे. तिथले बहुतेक शब्द आपल्याला काय काय माहीत नाही, ते मोजून सांगण्यासाठी घडवलेले आहेत.

याचं मूळ रडारच्या स्वभावात आहे. रडार रेडिओलहरींचा एक ठोका सोडतं आणि त्याचा प्रतिध्वनी परत यायची वाट बघतं. या लहरी सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर जातात, त्यामुळे प्रतिध्वनी एका मिलिसेकंदाने आला तर वस्तू 150 किलोमीटरवर आहे, कारण निम्मा वेळ जायला आणि निम्मा यायला. अंतर कळलं, अँटेनाच्या रोखावरून दिशा कळली, लहरींच्या बदललेल्या कंप्रतेवरून वेगही कळला. पण शेपटीवर कुठला झेंडा रंगवलाय ते कळत नाही. प्रतिध्वनीचा एक सुटा ठिपका म्हणजे ‘प्लॉट’. असे ठिपके एकाच वस्तूचे आहेत असं मानून जोडले की होतो ‘ट्रॅक’, आणि त्याला नंबर मिळतो. ‘मानून’ हा शब्द इथे महत्त्वाचा. हवाई संरक्षणवाला विमानाशी किंवा क्षेपणास्त्राशी लढत नसतो, तो ट्रॅकशी लढत असतो. आणि ट्रॅक हा अंदाज असतो.

अंदाज किती फसू शकतो? 5 ऑक्टोबर 1960 रोजी ग्रीनलंडमधल्या थुले इथल्या अमेरिकेच्या नव्याकोऱ्या रडारने सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या हल्ल्याचा इशारा दिला. तो होता नॉर्वेच्या क्षितिजावर उगवणारा चंद्र! चंद्रावर आपटलेला प्रतिध्वनी अडीच सेकंदांनी परत येत होता, आणि इतक्या लांबून काही परत येईल हे त्या यंत्रणेला कुणी शिकवलंच नव्हतं.

ही बोली घडली ती मुख्यतः 1940च्या सुमारास ब्रिटनमध्ये. किनाऱ्यावरची रडार केंद्रं जर्मन विमानं हेरायची, खोलीतल्या मोठ्या टेबलावर त्यांच्या खुणा सरकायच्या आणि खरखरणाऱ्या रेडिओवरून वैमानिकांना हुकूम जायचे. लांबलचक वाक्य खरखरीत हरवतं, म्हणून ठसठशीत, एकमेकांसारखे न वाटणारे शब्द निवडले. ‘व्हेक्टर’ म्हणजे अमुक दिशेला वळा. ‘एंजल्स’ म्हणजे देवदूत नव्हेत, हजार फुटांत मोजलेली उंची. एंजल्स पंधरा म्हणजे 15,000 फूट. ‘टॅलीहो’ ही कोल्ह्याच्या शिकारीतली आरोळी, शत्रू डोळ्यांना दिसला म्हणून. आणि ‘पॅनकेक’ म्हणजे खाली उतरा. तव्यावर घावन पसरावं तसं, मला तरी असंच डोळ्यांसमोर येतं. गंमत म्हणजे रडारवाल्यांनी ‘एंजल्स’ हाच शब्द पुढे आकाशात कारण नसताना उमटणाऱ्या गूढ ठिपक्यांसाठीही वापरला. त्यातले पुष्कळ ठिपके पक्ष्यांचे थवे निघाले.

आता पोपटाकडे येऊ. ठिपका आपला की परका हे ओळखायला ब्रिटिशांनी विमानात एक छोटं यंत्र बसवलं. जमिनीवरून रेडिओने विचारणा झाली की ते ठरलेलं उत्तर देतं. या यंत्राचं टोपणनाव ‘पॅरट’, म्हणजे पोपट. यंत्र बंद करा म्हणायचं तर ‘पोपटाचा गळा आवळा’. पोपट ओरडतो ते ‘स्क्वॉक’, आणि हा शब्द आजही रोज वापरात आहे. मुंबईहून उडणाऱ्या प्रवासी विमानाच्या वैमानिकालासुद्धा नियंत्रक चार आकडी स्क्वॉक देतो. 7700 म्हणजे संकट, 7600 म्हणजे रेडिओ बंद पडला, 7500 म्हणजे अपहरण.

लष्करात या पद्धतीचं नाव ‘मित्र की शत्रू’ असं आहे, आणि माझ्या मते ते नाव फसवं आहे. पोपट बोलला तर मित्र, हे ठीक. पोपट गप्प राहिला तर शत्रू, हे मुळीच ठीक नाही. यंत्र बिघडलेलं असेल, सांकेतिक आकडा चुकीचा लावला असेल, नाहीतर कुणी बटणच बंद ठेवलं असेल. हे यंत्र फक्त मित्र ओळखतं. शत्रू ओळखणारं यंत्र हे नव्हे.

27 फेब्रुवारी 2019 हा बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतरचा दुसरा दिवस. सकाळी सीमेवर भारत आणि पाकिस्तानच्या विमानांची झुंज चालू होती. त्याच वेळी श्रीनगरहून हवाई दलाचं एमआय-17 हेलिकॉप्टर उडालं आणि बडगामजवळ कोसळलं. आतले सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ते पाडलं होतं आपल्याच स्पायडर क्षेपणास्त्राने. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी ही मोठी चूक होती, हे जाहीरपणे मान्य केलं. हेलिकॉप्टरवरचं ओळख-यंत्र बंद होतं, असं चौकशीतून पुढे आलं. अशा प्रसंगाला इंग्रजीत ‘फ्रेंडली फायर’ म्हणतात. इतका गोड शब्द इतक्या कडू गोष्टीला कुणी दिला असेल, कोण जाणे.

उलटंही घडतं. 3 जुलै 1988 रोजी अमेरिकी युद्धनौका व्हिन्सेन्सने इराणचं प्रवासी विमान पाडलं आणि 290 माणसं मेली. त्या विमानाचा पोपट नागरी उत्तर व्यवस्थित देत होता आणि विमान वर चढत होतं. पण नौकेवरच्या खोलीत ते लढाऊ विमान आहे आणि खाली झेपावतंय, अशी हाकाटी झाली होती.

गोळी कधी झाडायची यासाठी अमेरिकी आणि नाटो सैन्यांत तीन छोटे शब्द आहेत, आणि मला ते या सगळ्या कोशातले सर्वांत वजनदार वाटतात. ‘वेपन्स होल्ड’ असेल तर स्वतःवर हल्ला झाला तरच झाडायची किंवा वरून थेट हुकूम यायला हवा. ‘टाइट’ असेल तर शत्रू म्हणून नक्की ओळख पटलेल्यावरच. ‘फ्री’ असेल तर मित्र म्हणून ओळख न पटलेल्या कशावरही. टाइट आणि फ्री यांतला फरक नीट बघा. ठिपका तोच, माहिती तीच. फक्त पुराव्याचा भार इकडचा तिकडे गेला. टाइटमध्ये बागुलबुवा वाचतो, फ्रीमध्ये मरतो.

इतकी घाई का, नीट चौकशी का करू नये? कारण पृथ्वी गोल आहे. रडारची नजर ढोबळमानाने सरळ रेषेत जाते, त्यामुळे जमिनीलगत येणारी वस्तू क्षितिजाआड दडते. अँटेना 16 मीटर उंचीवर असेल आणि क्रूझ क्षेपणास्त्र 25 मीटरवरून येत असेल, तर ते पहिल्यांदा दिसतं सुमारे 37 किलोमीटरवर. ताशी 900 किलोमीटरने येणाऱ्याला तिथून पोचायला अडीच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. ब्रह्मोससारखं ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाचं असेल तर 40 सेकंदांच्या आसपास. मग एस-400 मधल्या 400 किलोमीटरचं काय? तो त्याच्या सर्वांत लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचा आकडा, आणि तोही उंचावर उडणाऱ्या लक्ष्यासाठी. आकड्यांवरून आठवलं : काकांची तोफ एल-70. ग्रुपवर कुणीतरी ती 1970 सालची ठरवून टाकली. एल-70 म्हणजे नळीची लांबी तोंडाच्या व्यासाच्या 70 पट. व्यास 40 मिलिमीटर, म्हणून नळी 2.8 मीटर. काका ही तोफ देवळालीला शिकले. 1989 साली हे प्रशिक्षण ओडिशातल्या गोपाळपूरला हललं. म्हाताऱ्या एल-70 तोफा मे 2025 मध्ये ड्रोन पाडायला पुन्हा कामाला आल्या, तेव्हा काकांच्या आवाजात जरा वेगळाच ताठा होता.

‘अचूक’ या शब्दाशीही माझं भांडण आहे. क्षेपणास्त्राचा नेम सांगायला ‘सीईपी’ हे माप वापरतात. झाडावरच्या कैरीला तुम्ही वीस दगड मारले. कैरी मध्यभागी धरून असं वर्तुळ काढा की बरोबर दहा दगड त्यात येतील. त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे तुमची सीईपी. एखाद्या क्षेपणास्त्राची सीईपी 10 मीटर आहे, याचा अर्थ निम्मी 10 मीटरच्या आत पडतील, उरलेली निम्मी बाहेर. कितीही बाहेर, त्याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. बातमीत मात्र ‘10 मीटरपर्यंत अचूक’ असं येतं.

पाडणाऱ्या क्षेपणास्त्रालाही असंच माप आहे, ‘पीके’, म्हणजे लक्ष्य नष्ट होण्याची शक्यता. उदाहरणापुरतं ते 0.7 धरू. एक झाडलं तर दहातली तीन लक्ष्यं निसटतात. म्हणून प्रत्येकावर दोन झाडतात. दोन्ही चुकण्याची शक्यता 0.3 गुणिले 0.3, म्हणजे 0.09. यश 91 टक्के. छान वाटतं, पण वीस क्षेपणास्त्रं आली तर तुमची चाळीस संपली आणि तरी सरासरी दोनेक आत आलीच. याला म्हणतात ‘लीकेज’, गळती. पावसाळ्यात छत गळतं तसं. कौलं बदलली तर कमी होईल, थांबेल असं नाही. इस्रायलची ‘आयर्न डोम’ आणखी हिशेबी आहे. रिकाम्या जागी पडणारं रॉकेट ती सोडूनच देते, आणि यशाची टक्केवारी मोजतात ती ज्यांच्यावर झाडलं त्यांच्यापुरतीच.

वरच्या गुणाकारात एक छुपी अट आहे : दोन्ही क्षेपणास्त्रं वेगवेगळ्या कारणांनी चुकावीत. मूळ यंत्रणेतच खोट असेल तर दोन काय, दहा असूनही उपयोग नाही.

सौदी अरेबियातलं धाहरान, 25 फेब्रुवारी 1991ची रात्र. इराकचं एक स्कड क्षेपणास्त्र येत होतं. तळावर क्षेपणास्त्रं पाडणारी अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा चालू होती, पण तिने एकही क्षेपणास्त्र झाडलं नाही. स्कड सैनिकांच्या निवासावर पडलं आणि 28 अमेरिकी सैनिक मेले.

पॅट्रियटचं रडार एकदा वस्तू दिसली की पुढच्या क्षणी ती कुठे असायला हवी याचं गणित करतं आणि आकाशाचा तेवढाच तुकडा बघतं. या तुकड्याला ‘रेंज गेट’ म्हणतात. त्या फाटकात वस्तू सापडली तर ट्रॅक पक्का, नाही सापडली तर पहिला ठिपका भास समजून सोडून द्यायचा. या गणितासाठी नेमकी वेळ ठाऊक असावी लागते, आणि पॅट्रियटचं घड्याळ दशांश सेकंदांनी मोजत होतं. आपल्या दशमान पद्धतीत 1 भागिले 3 कधी संपत नाही, 0.333 असं चालूच राहतं. संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक दशांशाचं तेच होतं. तो आकडा 24 बिटांवर कापला होता. दर ठोक्याला चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढी. पण यंत्रणा सलग 100 तास चालू होती. 100 तासांत दशांश सेकंद होतात 36 लाख. साचलेली चूक 0.34 सेकंद झाली आणि फाटक 687 मीटर सरकलं. स्कड जिथे होतं तिथे रडार बघतच नव्हतं.

ही खोट कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. इस्रायलने दोन आठवडे आधीच कळवलं होतं की आठ तासांत फाटक सरकू लागतं. साधारण 20 तासांनी लक्ष्य त्यातून निसटणार होतं. उपाय अगदी सोपा, यंत्रणा बंद करून पुन्हा चालू करायची. काम एक-दीड मिनिटाचं. 21 फेब्रुवारीला पॅट्रियट वापरणाऱ्या सगळ्यांना सूचनाही गेली. यंत्रणा ‘फार वेळ’ चालू ठेवली तर फाटक सरकू शकतं, असं तिच्यात लिहिलं होतं. फार वेळ म्हणजे किती तास, ते लिहिलं नव्हतं.

घड्याळ दुरुस्त करणारं नवं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं 26 फेब्रुवारीला.