धूर घटला, तंबाखू उरली

तंबाखूविरोधी धोरणांनी काय साधलं, याचा विचार नाशिक जिल्ह्यात करायचा तर सिन्नरला वगळून चालत नाही. औद्योगिक वसाहती येण्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव विड्यांसाठी ओळखलं जाई. पानं आणि तंबाखू घरी आणायची, विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या आणि हजारी दराने मजुरी घ्यायची. अशा कामावर बायकांनी इथे संसार चालवले. त्यांच्यासाठी १९६६ मध्ये विडी-सिगार कामगारांचा कायदा झाला आणि १९७६ मध्ये कल्याण निधी. त्या निधीतून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरांसाठी मदत मिळू लागली.

१९७५ मध्ये केंद्राने पाकिटावर वैधानिक इशारा छापणं सक्तीचं केलं, पण ते फक्त सिगारेटला. विडी त्यातून सुटली. विडी म्हणजे गरिबाची वस्तू आणि गरिबाचा रोजगार, हीच समजूत पुढची अनेक वर्षं धोरणात टिकली, आणि मला तिचंच सर्वांत जास्त वाईट वाटतं. कारण विडीचा धूर सिगारेटपेक्षा सौम्य नसतो, आणि त्याची किंमत मोजणारा माणूस गरीबच असतो.

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मोठा अटकाव न्यायालयांमुळे झाला. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये त्यावर बंदी घातली. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये देशभरासाठी आदेश दिले. मग २००३ चा कायदा आला. तो विडी, सिगारेट आणि खायची तंबाखू या सगळ्यांना लागू झाला. त्याने जाहिराती थांबवल्या आणि शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीला मनाई केली. सार्वजनिक धूम्रपानाचे कडक नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. दंड २०० रुपयांपर्यंत. रक्कम किरकोळ आहे, तरी बसमध्ये, कचेरीत, हॉटेलात विडी पेटवणाऱ्याला 'बाहेर जा' म्हणायचा हक्क शेजारच्याला मिळाला. पाकिटांवर इशाऱ्याची चित्रं २००९ मध्ये आली आणि एप्रिल २०१६ पासून त्यांनी ८५ टक्के जागा व्यापली.

परिणाम दिसतो का? दिसतो. तंबाखू सेवनाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २००९-१० मध्ये देशातले १४ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, २०१६-१७ मध्ये १०.७ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण ६.६ वरून ३.८ टक्क्यांवर आलं. चित्रं पाहून सोडावंसं वाटलं, असं सिगारेट ओढणाऱ्या ६२ टक्के लोकांनी सांगितलं, तर विडी ओढणाऱ्यांपैकी ५४ टक्क्यांनी. यातला कोणता वाटा कोणत्या उपायाचा, हे वेगळं काढणं अवघड आहे, पण सगळे उपाय एकत्र आल्यावर आकडा हलला, एवढं नक्की.

आता त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा. महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू घेणारे २७.६ वरून २४.४ टक्क्यांवर आले, म्हणजे २०१६-१७ मध्येही दर चार प्रौढांमागे जवळपास एक जण. चुना लावून मळलेली तंबाखू, मिश्री, मावा, गुटखा, यांना धुराचे नियम कसे लागणार? राज्याने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे २०१२ मध्ये ती पुन्हा आली. पण या कायद्याखालचा आदेश वर्षभरापुरताच असतो, म्हणून तो दरवर्षी नव्याने काढला जातो. गुजरात सीमेला लागलेल्या आपल्या जिल्ह्यात गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या अजून येतात. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुट्या सिगारेट-विड्यांची विक्रीही बंद केली. एकेक सिगारेट घेऊनच पोरं सुरुवात करतात, म्हणून हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. टपरीवर तो पाळला गेला पाहिजे.

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे करवाढ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. किरकोळ किमतीत किमान ७५ टक्के वाटा करांचा असावा, अशी तिची शिफारस आहे. विडी त्यापासून फार लांब राहिली. जुन्या अबकारी व्यवस्थेत वर्षाला वीस लाखांपर्यंत हातविड्या करणाऱ्या छोट्या उत्पादकांना सूट होती. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा सिगारेटवर २८ टक्क्यांशिवाय उपकरही लागला, विडीवर मात्र तो लागला नाही.

विडी कामगारांच्या कल्याण निधीसाठी विडीवर लावला जाणारा वेगळा उपकरही त्याच दिवशी रद्द झाला. म्हणजे ज्यांच्या नावाने विडी स्वस्त ठेवली, त्यांच्याकडे विडीतून थेट जाणारा पैसा थांबला. विडीवरचा कर वाढवावा आणि त्यातला ठरावीक भाग सिन्नरसारख्या गावांतल्या विडी वळणाऱ्या बायकांच्या दुसऱ्या रोजगारासाठी कायद्यानेच बांधून द्यावा, असं माझं ठाम मत आहे.