जपानी डबा प्रामाणिक, अमेरिकन डबा फसवा?

एकाच जुन्या व्हिडिओ गेमचा जपानी डबा आणि अमेरिकन डबा शेजारी ठेवलेली जोडचित्रं इंटरनेटवर फिरतात, आणि खाली ठरलेलं वाक्य असतं: जपानी चित्र खेळाला धरून, अमेरिकन चित्र खेळ न बघताच काढलेलं.

हा समज हवेतून आलेला नाही. १९८७ च्या ‘मेगा मॅन’मध्ये नायक निळा, छोटा यंत्रमानव, हाताच्या जागीच तोफ. अमेरिकन डब्यावर मात्र पिवळ्या-निळ्या पोशाखातला, पिस्तूल धरलेला प्रौढ माणूस! तो डबा फसलाच, यात वाद नाही.

पण एका डब्यावरून नियम होत नाही. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घ्या. जपानी डब्यावर हाताने काढलेलं, पात्रांनी गच्च भरलेलं चित्र. खेळात पात्रं अशी दिसत नाहीत. अमेरिकन डब्यावर पडद्यावरचाच चौकोनी ठिपक्यांचा मारिओ, मोठा करून छापलेला. म्हणजे इथे खेळाशी इमान अमेरिकन डब्याचं. (आपल्यातल्या बहुतेकांनी मारिओ खेळला तो अनेक खेळांच्या एकाच कॅसेटवर, त्यामुळे मूळ डबा पाहण्याचा प्रश्नच नव्हता.)

शिवाय युरोप या तुलनेतून गळतो. २००१ च्या ‘इको’चं जपानी चित्र युरोपलाही मिळालं, वेगळं झालं ते फक्त उत्तर अमेरिकेत.

पडताळायचं असेल तर एकच खेळ, तो चालवणारं एकच यंत्र आणि पहिलीच आवृत्ती घ्या. पुनर्मुद्रणात चित्रं बदलतात. डब्याच्या मागच्या बाजूला छापलेली खेळाची दृश्यं पुढच्या चित्राशेजारी ठेवा. आणि फक्त गाजलेले वाईट नमुने नकोत, त्याच वर्षीचे साधे, कुणाच्या लक्षात न राहिलेले डबेही बघा.