टाकी डोक्यावर, तरी शॉवर मंद

इंदूरला लोकमान्यनगरात आत्याचं घर आहे. वरच्या मजल्यावरचा शॉवर नुसता ठिबकायचा, आणि तळमजल्यावर मात्र भरपूर पाणी. टाकी गच्चीवर, वरच्या बाथरूमच्या बरोबर डोक्यावर. "टाकी इतकी जवळ, मग पाणी खालीच जास्त का रे?" आत्या विचारायची. शेजाऱ्यांचा सल्ला होता की 500 लिटरची काढून 1000 लिटरची टाकी बसवा.

मोठ्या टाकीनं धार वाढली नसती. नळाशी येणारा दाब टाकीत पाणी किती आहे यावर ठरत नाही. पाण्याची पातळी नळापेक्षा किती वर आहे, यावर ठरतो. 10 मीटर उंचीला साधारण एका वातावरणाइतका दाब मिळतो. आत्याकडे वरचा शॉवर टाकीतल्या पाण्याच्या जेमतेम सव्वा मीटर खाली आहे, म्हणजे त्याला दाब मिळतो वातावरणाच्या एक अष्टमांश. तळमजल्याच्या शॉवरला आणखी तीन मीटर मिळतात. म्हणून जवळचा मंद आणि लांबचा जोरात.

मग टाकी उंच स्टँडवर चढवावी का? इटलीच्या टॉरिचेली या शास्त्रज्ञानं 1644 मध्ये मांडलेला नियम सांगतो की पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. उंची चौपट करावी तेव्हा वेग दुप्पट. शिवाय 1000 लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते नुसत्या स्लॅबच्या मधोमध ठेवू नये. खाली बीम किंवा कॉलम असायलाच हवा.

खरी गंमत पाइपात आहे. वाहतं पाणी पाइपाच्या भिंतीशी घासतं आणि दाब वाटेतच खर्च होतो. अर्धा इंचीऐवजी पाऊण इंची पाइप घेतला तर व्यास दीडपट होतो, पण तेवढ्याच दाबात पाणी जवळजवळ पावणेतीन पट येतं! प्रत्येक एल्बो (पाइप वळवणारा जोड), अर्धवट उघडलेला प्रत्येक व्हॉल्व्ह आणि आत साचलेला बोरिंगच्या पाण्याचा क्षार आपापला वाटा काढून घेतात. टाकी पूर्ण रिकामी झाली की पाइपात हवाही अडकते. दाब इतका कमी असताना ती हवा ढकलायचीही ताकद पाण्यात उरत नाही. टाकीजवळ वरचं तोंड उघडं असलेला एअर पाइप लावला की ती निघून जाते.

मोठ्या टाकीची गरज वेगळ्याच हिशेबानं ठरते. इंदूरला नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून विंध्याचा घाट चढून येतं, आणि बऱ्याच वस्त्यांत नळ दिवसाआड येतात. माणशी रोज 135 लिटर धरले तर चौघांना दोन दिवसांना 1080 लिटर लागतात. आत्याकडे खाली हौद आहे, म्हणून वर 500 लिटर पुरतात.

आम्ही आधी मोजलं. वरच्या शॉवरखाली 15 लिटरची बादली ठेवली आणि मोबाइलवर वेळ लावला: तीन मिनिटं. मग टाकीपासून बाथरूमपर्यंतचा जुना लोखंडी अर्धा इंची पाइप काढला. प्लंबरनं तो उभा धरून मला आत बघायला लावलं. तांबूस-पांढऱ्या थरातून पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. त्या जागी पाऊण इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप टाकला, दोन एल्बो कमी केले, शॉवरची जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली. टाकी तीच, जागाही तीच. दुसऱ्या दिवशी आत्यानं स्वतः बादली लावली. सव्वा मिनिटात ती भरून वाहायला लागली.