नरभक्षक वाघ जेरबंद करणे (विदर्भ)

माणसांचे एकामागून एक बळी घेणाऱ्या वाघाची ओळख पटवून त्याला बेशुद्ध करून पकडण्याची वनविभागाची मोहीम. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, यवतमाळ या जिल्ह्यांतल्या जंगलालगतच्या गावांना ती चांगलीच परिचयाची आहे. गावात ‘नरभक्षक’ हाच शब्द चालतो. सरकारी कागदांवर आता ‘मानवी जीवितास धोकादायक’ असे लिहितात.

बळी जातात ते बहुतेक कामाला गेलेल्यांचे. मोहफुले वेचणाऱ्या बाया, सरपणाला गेलेली माणसे, गुराखी, रात्री पिकाच्या जागलीला असलेला शेतकरी. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. हंगाम मे महिन्यातलाच, मजुरीही त्याच दिवसांत मिळते. जंगलात जाऊ नका, हे सांगणे सोपे आहे.

वाघ पकडण्याहून ओळखणे अवघड. एकाच जंगलात अनेक वाघ फिरतात आणि चुकीचा वाघ उचलला तर बळी थांबत नाहीत. म्हणून घटनास्थळाच्या पाऊलखुणा, मृतदेहावरील जखमांतून घेतलेल्या लाळेची डीएनए तपासणी आणि कॅमेरा ट्रॅपमधली (जंगलात लावलेल्या, आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेऱ्यांतली) छायाचित्रे एकत्र जुळवतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, हाच मुख्य आधार. गाव संतापलेले असते, बंदोबस्त आजच हवा असतो. तरी ही तपासणी गाळणे परवडत नाही.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 11 नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो. पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नसेल तरच ठार मारण्याची परवानगी मिळते. मग पिंजरे आणि सावज लावतात. नेमबाज मचाणावर किंवा वाहनात थांबून डार्ट, म्हणजे बेशुद्धीच्या औषधाची सुई, मारतो. डार्ट लागल्यावर वाघ लगेच पडत नाही, काही मिनिटे चालत राहतो, झुडपात शिरतो. त्याचा माग काढण्याचे काम सर्वांत जोखमीचे. पडल्यावर वाघाचे डोळे कापडाने झाकून त्याला पिंजऱ्यात घेतात आणि मग शुद्धीवर आणणारे इंजेक्शन देतात.

राजुरा परिसरात आठ बळी घेणारा आरटी-1 हा वाघ 27 ऑक्टोबर 2020 रोजी पकडला गेला. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत 13 जणांचा जीव घेणारा सीटी-1 हा 13 ऑक्टोबर 2022 रोजी वडसा परिसरात बेशुद्ध झाला. दोघांचीही रवानगी नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात झाली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या टी-1 उर्फ अवनी वाघिणीचे प्रकरण वेगळ्या वळणावर गेले. पांढरकवडा-राळेगाव भागातले 13 मृत्यू तिच्या नावावर मांडले गेले. शोधासाठी हत्ती आणले, तिला ओढून आणायला अत्तराचा वासही वापरून पाहिला. त्यातला एक हत्ती साखळी तोडून पळाला आणि त्याच्या हल्ल्यात एका महिलेचा जीव गेला. त्या मृत्यूची आठवण फारशी कोणी काढत नाही. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ अवनीला गोळी घातली गेली. डार्ट आधी लागला की गोळी, यावर मोठा वाद झाला. मागे दोन बछडे राहिले; त्यांतली मादी 22 डिसेंबर 2018 रोजी पकडून पेंच व्याघ्र प्रकल्पात नेली.