गिझरखालचा पेला

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गोरेगावच्या घरातील गिझरच्या खालच्या अंगाला असलेल्या पितळी व्हॉल्व्हमधून रोज सकाळी थेंब थेंब पाणी ठिपकू लागले. बोलावलेल्या प्लंबरने त्यावर दोन मिनिटांत उपाय केला. व्हॉल्व्हच्या बारीक तोंडात त्याने लाकडाची खुंटी ठोकली, वरून सीलंट लिंपले आणि ‘आता एक थेंब येणार नाही’ असे सांगून तो निघून गेला. थेंब खरोखरच थांबले. पण त्या संध्याकाळी गिझर लावण्यापूर्वी मी ती खुंटी उपटून काढली आणि दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्हच बदलून घेतला. अशी बुजवलेली तोंडे मी शेजारच्या दोन-तीन न्हाणीघरांतही पाहिली आहेत. गिझरची देखभाल घरच्या घरी करू पाहणाऱ्याने सर्वांत आधी हा व्हॉल्व्ह समजून घ्यावा, असे माझे मत आहे.

पूर्वीच्या घरांतील तांब्याचा बंब आणि आजचा गिझर यांत मोठा फरक दाबाचा आहे. बंब वरून उघडा असे. पाणी फार तापले तर ते शंभर अंशांवर उकळे, वाफ निघून जाई आणि गोष्ट तिथेच संपे. गिझरची टाकी मात्र बंद असते आणि गच्चीवरच्या टाकीतील पाण्याचा भार तिच्यावर सतत असतो. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब पडतो. त्यामुळे चार मजली जुन्या इमारतीत तळमजल्यावरच्या गिझरला दीड बारपेक्षा कमी दाब सोसावा लागतो, तर वीस मजली टॉवरमध्ये, मधे दाब कमी करणारी व्यवस्था नसेल, तर खालच्या मजल्यांवर तो सहा बारच्या घरात जातो. उंच इमारतीत राहणाऱ्यांनी म्हणूनच गिझरच्या पट्टीवर छापलेला, टाकीला किती दाब सोसवतो ते सांगणारा ‘8 बार’ असा आकडा गिझर घेण्याआधीच पाहावा.

आता या बंद टाकीत पाणी तापू लागले की ते फुगते. 25 अंशांचे पाणी 60 अंशांपर्यंत तापवले, तर त्याचे आकारमान सुमारे 1.4 टक्क्यांनी वाढते. म्हणजे 15 लिटरच्या गिझरमध्ये वीस मिनिटांत साधारण 200 मिलिलिटर जादा पाणी तयार होते. पाणी दाबून लहान करता येत नाही, त्यामुळे त्याला कुठे तरी जावेच लागते. थंड पाण्याच्या नळीत अडथळा नसेल, तर ते मागे गच्चीच्या टाकीकडे सरकते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पण हल्ली गिझरसोबत जो व्हॉल्व्ह मिळतो त्यात एक झडप अशी असते, की जी पाण्याला आत येऊ देते, मागे जाऊ देत नाही. वाट बंद झाल्याने दाब वाढतो आणि ठरलेल्या मर्यादेवर त्याच व्हॉल्व्हमधील स्प्रिंग मागे सरकून थोडे पाणी बाहेर सोडते. खुंटी काढल्यानंतर नवा व्हॉल्व्ह बसवला, तेव्हा मी त्याखाली एक स्टीलचा पेला दोरीने टांगून ठेवला होता. गिझरचा दिवा विझेपर्यंत पेला पाऊण भरला, आणि दिवा विझल्यावर थेंब आपोआप थांबले. पाणी तापत असताना ठिपकणे हे अशा गिझरचे नेहमीचे वागणे आहे. गिझर गार असतानाही पाणी ठिपकत राहिले, तर मात्र व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे किंवा इमारतीच्या नळातच दाब जास्त आहे असे समजावे.

ते तोंड बुजवले, तर दोन गोष्टी घडू शकतात. पहिली सौम्य, पण हमखास घडणारी आहे: टाकीच्या जोडांवर रोज ताण येतो, आतला काचेचा लेप तडकतो, आणि टाकी वेळेआधी गळू लागते. दुसरी क्वचितच घडते, कारण तिच्यासाठी एकाच वेळी अनेक गोष्टी बिघडाव्या लागतात. ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटून वीज चालूच राहिली, साधारण 90 अंशांच्या आसपास वीज तोडणारा थर्मल कट-आउट कुणी तरी तार जोडून निकामी केलेला असला, आणि व्हॉल्व्हही बुजवलेला असला, तर पाणी शंभर अंश ओलांडूनही उकळत नाही, कारण दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू चढतो. आठ बार दाबाखाली तो सुमारे 170 अंश असतो. अशा वेळी टाकी फाटली, की दाब एका क्षणात नाहीसा होतो आणि पाण्याचा काही भाग तत्काळ वाफ होतो. 15 लिटरपैकी दोन लिटर पाण्याचीच वाफ झाली असे धरले, तरी तिला तीन हजार लिटरांहून अधिक जागा लागते. आपल्याकडच्या चार फूट बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात मुळात हवाच सुमारे 5400 लिटर मावते. थर्मोस्टॅट, कट-आउट आणि व्हॉल्व्ह हे एकामागे एक उभे केलेले तीन पहारेकरी आहेत. त्यांतील पहिले दोन विजेचे असल्याने ते जाणकार तंत्रज्ञावर सोपवावेत. तिसऱ्याची विचारपूस मात्र घरच्या माणसाला सहज करता येते. वर्षातून दोनदा, गिझर बंद आणि पाणी गार असताना, खाली बादली धरून व्हॉल्व्हची दांडी उचलावी. पाण्याची धार आली आणि दांडी सोडल्यावर ती थांबली, तर व्हॉल्व्ह जिवंत आहे. दांडी हलतच नसेल, तर जोर न लावता व्हॉल्व्ह बदलावा.

विजेच्या बाजूने घरच्या माणसाने करण्याजोगे काम मुख्यतः डोळ्यांचे आणि नाकाचे आहे. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर जवळजवळ 8.7 अँपिअर प्रवाह ओढतो. त्याला 16 अँपिअरचाच सॉकेट लागतो, एक्स्टेंशन बोर्ड कधीही चालत नाही. सॉकेटची पकड सैल होऊन तिथे केवळ अर्ध्या ओहमचा रोध निर्माण झाला, तरी त्या एका बिंदूवर सुमारे 38 वॅट उष्णता तयार होते, आणि घरगुती दुरुस्तीची सोल्डरिंगची कांडी बहुधा 25 वॅटची असते, हे लक्षात घेतले म्हणजे प्लगच्या पिनेभोवती दिसणारा तपकिरी डाग किती गंभीर आहे ते कळते. वीस मिनिटे गिझर चालल्यावर एमसीबी (विजेच्या पेटीतला, प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा खटका) बंद करून प्लग काढावा आणि पिनांना हात न लावता प्लगच्या पाठीवर हात ठेवून पाहावा. तो चटका बसण्याइतका गरम असेल किंवा जळका वास येत असेल, तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलून घ्यावेत.

अर्थिंगच्या बाबतीत मुंबईच्या जुन्या घरांची एक खास गोष्ट सांगावीशी वाटते. अनेक घरांत पूर्वी लोखंडी नळालाच अर्थिंगची तार बांधलेली असे, आणि तो नळ जमिनीत गेलेला असल्याने ती व्यवस्था कशीबशी चाले. पुढे नूतनीकरणात तो नळ काढून प्लास्टिकचा पाइप टाकला जातो, फरशा चकचकीत होतात, आणि गिझरचे अर्थिंग कुणाच्याही नकळत नाहीसे होते. तीन पिनांचा सॉकेट दिसतो म्हणून अर्थिंग आहे असे मानू नये. ते इलेक्ट्रिशियनकडून उपकरण लावून मोजून घ्यावे. त्याच्या जोडीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. विजेच्या तारेतून गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत तेवढा फरक पडला, की तो सेकंदाच्या अगदी लहान अंशात वीज तोडतो. त्यावरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबावे. खटका पडला नाही, तर त्याच्या भरवशावर अंघोळ करू नये.

क्षारांचा प्रश्न मुंबईत पाण्याच्या स्रोतावर अवलंबून आहे. तानसा, भातसा, वैतरणा या तलावांतून येणारे पाणी पावसाचे असल्याने बरेच मृदू असते, आणि ज्यांना चोवीस तास केवळ महापालिकेचे पाणी मिळते त्यांच्या गिझरमध्ये खपल्या हळू साचतात. पण सोसायटीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळत असेल, तर गणित बदलते. अशा पाण्यात विरघळलेले कॅल्शिअमचे बायकार्बोनेट तापल्यावर मोडते आणि चुनखडीच्या रूपाने नेमके सर्वांत गरम पृष्ठभागावर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलवर, बसते. चुनखडी उष्णतेची वाईट वाहक आहे; तिच्या थराखाली कॉइल जास्त तापते, खपल्यांत अडकलेले पाणी जागच्या जागी उकळते आणि गिझरमधून तडतड असा आवाज येतो. किटलीच्या तळाला बसणाऱ्या पांढऱ्या थराचाच हा भाऊबंद आहे आणि सायट्रिक आम्लाने तसाच निघतो. मात्र त्यासाठी कॉइल बाहेर काढून नव्या गॅस्केटसह (जोडातून पाणी गळू न देणाऱ्या चकतीसह) पुन्हा बसवावी लागते, आणि हे काम मी स्वतः करत नाही.

कॉइलच्या शेजारीच मॅग्नेशिअमची एक कांडी असते, तिच्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. दोन धातू पाण्यात एकमेकांना जोडलेले असले, की अधिक क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये जहाजांच्या तळाचे तांबे अशाच रीतीने वाचवण्याचा मार्ग मांडला, आणि आजही पोलादी जहाजांच्या तळाला याच कारणासाठी जस्ताच्या वड्या बसवतात. गिझरमधील कांडी टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः विरघळत जाते. सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाला ती दाखवायला सांगावे, आणि आतली तार उघडी पडली असेल तर नवी घालून घ्यावी.

तापमानाचे बटण पूर्ण फिरवून ठेवण्याची सवय मात्र सोडावी. 60 अंशांच्या पाण्याने पाच-सहा सेकंदांत खोल भाजते, आणि लहान मुलांची कातडी त्याहून नाजूक असते. बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम सोडावे.

मुंबईत गिझर एप्रिल-मेमध्ये बहुधा बंदच असतो, त्यामुळे टाकी रिकामी करून गाळ काढायला मेअखेर सोयीची पडते. प्रथम एमसीबी पाडून प्लग काढावा, कारण नुसत्या बटणावर विसंबणे चुकीचे आहे. जोडणी उलटी असेल, तर बटण बंद असूनही आत वीज राहते. नंतर गरम पाण्याचा नळ सोडून धार गार होऊ द्यावी, थंड पाण्याचा कॉक बंद करावा, आणि गरम पाण्याचा नळ उघडाच ठेवून व्हॉल्व्हची दांडी उचलावी. वरून हवा आत शिरल्याशिवाय खालून पाणी उतरत नाही. स्ट्रॉच्या वरच्या टोकावर बोट ठेवले की सरबत आतच थांबते, तसाच हा प्रकार आहे. व्हॉल्व्हला दांडी नसल्यास टाकी तंत्रज्ञाकडून रिकामी करून घ्यावी. पहिल्या बादलीत तांबूस गाळ दिसला, तर कॉक थोडा उघडून टाकी पुन्हा एकदा धुवून घ्यावी. भरताना क्रम उलटा असतो: आधी पाणी, वीज सर्वांत शेवटी. गरम पाण्याच्या नळातून फसफस करणारी हवा संपून अखंड धार येईपर्यंत थांबावे, कारण कोरड्या टाकीत कॉइल काही क्षणांतच जळू शकते. मग प्लग लावून एमसीबी चढवावा, व्हॉल्व्हखाली पेला टांगावा आणि गिझरचा दिवा विझेपर्यंत त्यात थेंब पडतात का ते पाहावे.