पाळी जाणे

रजोनिवृत्तीला बोलण्यात ‘पाळी जाणे’, ‘बंद होणे’ म्हणतात. पुष्कळदा नुसते ‘माझं गेलं’ एवढ्यावर भागते. या शब्दांमुळे ती एका दिवसात घडणारी गोष्ट वाटते. प्रत्यक्षात काही वर्षे पाळी मागेपुढे होते, आणि ती गेली हे नंतरच ठरते. दुसरे कारण नसताना सलग १२ महिने स्राव झाला नाही, तर शेवटच्या पाळीची तारीख हीच पाळी गेल्याची तारीख धरायची. अकराव्या महिन्यात पाळी आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे प्रत्येक पाळीचा पहिला दिवस कॅलेंडरवर लिहिलेला बरा. बहुतेकींची पाळी ४५ ते ५५ या वयात जाते. चाळिशीच्या आत थांबली तर तपासणी हवी.

‘जाताना जास्त जायचंच’ हा समज सर्वांत महागात पडतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. बीज दर महिन्याला सुटत नाही, प्रोजेस्टेरॉन (अस्तराची वाढ आवरणारे हार्मोन) कमी पडते, गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि मग एकदम अंगावरून जाते. तरीही तासाभरात पॅड भिजत असेल किंवा स्राव आठवड्याहून जास्त टिकत असेल, तर वयावर ढकलू नये. वर्षभर बंद राहून पुन्हा डाग दिसला, तर ‘पाळी परत आली’ म्हणतात. ती पाळी नव्हे. कारण बहुधा साधे निघते, पण गर्भाशयाच्या कर्करोगाचीही ती पहिली खूण असू शकते. एकच डाग असला तरी दाखवावे.

‘गरम वाफा’ हा शब्द मात्र नेमका आहे. छातीतून मान-चेहऱ्याकडे उष्णता चढते, घाम फुटतो, मागून हुडहुडी भरते. साधारण १ ते ५ मिनिटांत ओसरते. हा ताप नव्हे. इस्ट्रोजेन (बीजकोशांत तयार होणारे हार्मोन) घटल्यावर मेंदूतील तापमान-नियंत्रण हळवे होते आणि किंचित वाढीलाही शरीर उष्णता बाहेर टाकू लागते.

‘पिशवी काढली, म्हणजे सुटले’ हेही अपुरे. बीजकोश ठेवले असतील तर स्राव थांबतो, वाफा पुढे कधीतरी येतात आणि रजोनिवृत्ती झाली का, हे तारखेवरून कळत नाही. दोन्ही बीजकोश काढले तर त्रास काही दिवसांतच, बहुधा जोरात, सुरू होतो.

पाळी जाऊ लागली म्हणून दिवस जाणे लगेच थांबत नाही (मराठीत दोन्हींना ‘जाणे’च). पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीपासून १ वर्ष, त्याआधी २ वर्षे गर्भनिरोधक चालू ठेवतात. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर ही मोजणी लागू पडत नाही, कारण त्यांनी येणारा किंवा थांबणारा स्राव गोळ्यांचा असतो.